फुटांत मोजायची, खोक्यांत आणायची : फरशीचा हिशेब

गिऱ्हाईक दुकानात येतं, खिशातून चिठ्ठी काढतं. चिठ्ठीवर ‘१० × १२’. मी विचारतो, मोजली का? उत्तर ठरलेलं असतं : “मोजायचं काय त्यात? दहा बाय बाराचीच हाय की ओ, बांधली तेव्हापासून.” सोलापुरात टाइल्सच्या दुकानात काउंटरला बसून मला बरीच वर्षं झाली. बरोबर दहा बाय बारा भरलेली खोली अजून भेटायची आहे.

पण दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आमचं घर साखर पेठेच्या बाजूला. ज्या खोलीत वडिलांचा यंत्रमाग होता ती खोली माग विकल्यावर आम्ही राहायला घेतली. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो. ‘अकरा बाय चौदा’ तोंडानेच सांगितलं, १५४ फुटांच्या हिशेबाने दोन बाय दोनच्या टाइलचे दहा खोके आणले. शेवटी सहा टाइल कमी पडल्या. परत गेलो तर डिझाइन तेच, नाव तेच, पण लॉट दुसरा. चहा आणि जरा जास्त दुधाचा चहा, एवढा रंगात फरक. त्या सहा टाइल आज दिवाणाखाली आहेत.

गंमत म्हणजे खोलीचं क्षेत्रफळ फारसं चुकलं नव्हतं. नंतर नीट मोजली तेव्हा १५५ चौरस फूट भरली. म्हणजे चूक खोलीच्या मापात नव्हती, पुढच्या हिशेबात होती. ती खोलीच पुढे उदाहरण म्हणून घेतो.

मोजायला काय लागतं

पाच मीटरची पोलादी टेप, वही, पेन, खडू आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी. शिंप्याची कापडी टेप नको, ती ताणली जाते. सोळा फुटांपेक्षा मोठी खोली असेल तर पाच मीटरची टेप पुरत नाही. तेव्हा खडूची खूण करून दोन टप्प्यांत मोजा.

टेपच्या टोकाचा हूक थोडा सैल हलतो. नवी टेप खराब निघाली म्हणून ठोकून घट्ट करणारे लोक मी पाहिलेत. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून ओढला की हूक आपल्या जाडीएवढा पुढे सरकतो, भिंतीला टेकवला की तेवढाच आत जातो, म्हणजे दोन्ही मापं बरोबर येतात. ठोकलात तर प्रत्येक मापात फरक राहील.

दुसरी अडचण समोरच्या भिंतीपाशी येते. टेपची पट्टी कोपऱ्यात वाकते आणि आकडा अंदाजाने वाचावा लागतो. त्यापेक्षा एका भिंतीपासून बरोबर दहा फुटांवर जमिनीवर खडूने रेघ मारा, मग समोरच्या भिंतीपासून त्या रेघेपर्यंत मोजा आणि बेरीज करा.

माप कुठे घ्यायचं

जमिनीलगत. उभ्या उभ्या छातीच्या उंचीवर टेप धरू नका. जुन्या घरांत भिंत खाली फुगलेली आणि वर आत गेलेली असते, प्लास्टरचा थर खालीवर असतो. फरशी जिथे बसणार तिथलंच माप कामाचं. नवं बांधकाम असेल आणि प्लास्टर व्हायचं असेल तर दोन्ही भिंतींचं प्लास्टर मिळून इंचभर तरी कमी होणार, हे धरा. शक्यतो प्लास्टर झाल्यावरच मोजा.

लांबी तीन ठिकाणी घ्यायची : दोन्ही भिंतींलगत आणि मध्ये. रुंदीही तशीच. आमच्या खोलीची लांबी १४ फूट २ इंच, १४ फूट ४ इंच आणि १४ फूट ५ इंच निघाली. रुंदी १० फूट ७, १० फूट ९ आणि १० फूट ८ इंच. यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा, सरासरी नाही. टाइल कापून लहान करता येते, ओढून मोठी करता येत नाही.

मग कर्ण. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजा, तसंच दुसऱ्या बाजूने. दोन्ही सारखे आले तर खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे. दोन-तीन इंचांचा फरक आला तर खोली तिरकी आहे आणि एका भिंतीला टाइलच्या पाचरीसारख्या पट्ट्या कापाव्या लागणार. एकच कोपरा तपासायचा असेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन. मोठ्या खोलीत ६, ८ आणि १० घ्या, चूक लवकर दिसते.

आता वहीत खोलीचं चित्र काढा, अगदी वाकडंतिकडं चालेल. त्यात दार कुठे आणि ते कुठल्या बाजूला उघडतं हे दाखवा. आणि कडेची जी जागा कुणी मोजत नाही, ती मोजा. जुन्या पेठांतल्या घरांच्या भिंती दीड-दीड फूट जाड. दाराच्या चौकटीत तेवढी जमीन असते आणि तिलाही फरशी लागते. आमच्या दारात ३ फूट बाय दीड फूट, म्हणजे साडेचार चौरस फूट. भिंतीतलं फडताळ जमिनीपासून सुरू होत होतं, ४ फूट बाय १ फूट ३ इंच, म्हणजे ५ चौरस फूट. उलट कोपऱ्यातली ३ बाय ३ ची मोरी वजा, कारण तिथे खरखरीत टाइल वेगळी घ्यायची.

चिठ्ठीवर ‘फूट’ आणि ‘इंच’ अक्षरांत लिहा. आपल्याकडे माप घेणारा मराठीत लिहितो, घरमालक तेलुगूत सांगतो आणि मिस्त्री कानडीत वाचतो. १४' ५" मधली ती बारीक रेघ एवढ्या प्रवासात टिकत नाही.

जुळे सोलापूर, विजापूर रोड किंवा होटगी रोडला नवा फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक गोष्ट. करारातल्या कार्पेट एरियावरून टाइल आणू नका. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्या आकड्यात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. भिंतीखाली टाइल बसत नाही. शिवाय हॉलची, किचनची आणि बाथरूमची टाइल वेगवेगळी, त्यामुळे एकत्र आकडा काहीच कामाचा नाही. खोलीवार मोजा.

मोबाइलवर आकडे टाकताना

माझ्या पाहण्यातली सगळ्यात जास्त घडणारी चूक ही. १४ फूट ५ इंच म्हणजे १४.५ नव्हे. फुटात बारा इंच असतात, दहा नाहीत. ३ इंच म्हणजे ०.२५, ६ इंच म्हणजे ०.५, ९ इंच म्हणजे ०.७५. मधल्या इंचांसाठी इंचांना १२ ने भागा : ५ भागिले १२ म्हणजे ०.४२. तेव्हा १४ फूट ५ इंच म्हणजे १४.४२.

१० फूट ११ इंच ही खरी फसवी. मोबाइलवर लोक १०.११ टाकतात. खरा आकडा १०.९२. चौदा फूट लांबीच्या खोलीत एवढ्याने अकरा चौरस फूट गायब होतात, म्हणजे दोन बाय दोनच्या तीन टाइल. मिस्त्री सुतात बोलला तर घाबरू नका, आठ सूत म्हणजे एक इंच. खरेदीच्या हिशेबात सूत सोडून द्या, पुढचा पूर्ण इंच धरा.

आमची खोली : १४.४२ गुणिले १०.७५, म्हणजे १५५. त्यात दार ४.५ आणि फडताळ ५, वजा मोरी ९. राहिले १५५.५ चौरस फूट. मिस्त्री ‘ब्रास’मध्ये बोलेल. फरशीच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, तेव्हा हे साधारण दीड ब्रास. वाळू-खडीचा ब्रास घनफुटांचा असतो, त्याच्याशी गल्लत नको.

‘दोन बाय दोन’ दोन फूट नसते

इथे मी फसलो. दोन बाय दोन म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते. २४ इंच म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. म्हणजे टाइल साधारण २३.६ इंच भरते आणि क्षेत्रफळ ४ नाही, ३.८७ चौरस फूट. चार टाइलच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट. मी सोळा धरले होते. दहा खोक्यांत पाच फूट तिथेच गेले. चार बाय दोनच्या म्हणजे ६०० बाय १२०० च्या खोक्यात बहुधा दोनच टाइल असतात आणि मालही तेवढाच, १५.५ फूट. पण प्रत्येक मापाच्या खोक्याचं वेगळं असतं. खोक्यावर किती नग आणि किती चौरस मीटर हे छापलेलं असतं, ते वाचा. चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

फडताळ चार फुटांचं. दोन टाइल बरोबर बसतील असं कुणालाही वाटेल. मी गुडघ्यावर बसून लावून पाहिल्या : कडेला पाऊण इंचाची फट. तेवढ्या फटीसाठी तिसरी टाइल कापली.

वेस्टेज किती धरायचं? नव्या, सरळ, मोकळ्या खोलीत पाच ते सात टक्के पुरतात. जुन्या घरात, कोनेकपारे असतील तर दहा. टाइल तिरकी म्हणजे शंकरपाळ्यासारखी बसवायची असेल तर पंधरा, कारण चारही भिंतींना त्रिकोणी तुकडे कापावे लागतात. वडिलांनी तेव्हा मला एकच विचारलं होतं, “आटणं धरलंस का?” टॉवेल धुतल्यावर आटतो म्हणून विणतानाच थोडं ज्यादा धरतात. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही.

१५५.५ मध्ये दहा टक्के मिळवले की १७१. त्याला १५.५ ने भागा, ११.०३ येतात. आता “अकराच द्या, तीन शतांशासाठी खोका कशाला” म्हणाल. थांबा. एकदा नग मोजून पाहू, तेच खरं उत्तर.

लांबी १७३ इंच. टाइल आणि मधली दोन मिलिमीटरची फट मिळून २३.७ इंच. १७३ मध्ये सात अख्ख्या टाइल बसतात आणि ७ इंच उरतात. रुंदी १२९ इंच, त्यात पाच अख्ख्या आणि साडेदहा इंच उरतात. म्हणजे सात गुणिले पाच, ३५ अख्ख्या. लांबीच्या टोकाला ७ इंची पट्ट्या हव्यात. एका टाइलमधून तीन निघतात, कोपरा धरून सहा पट्ट्या, म्हणजे २ टाइल. रुंदीच्या टोकाला साडेदहा इंची सात पट्ट्या. एका टाइलमधून दोन निघतात, म्हणजे ४ टाइल. झाल्या ४१. दारात २, फडताळात ३. मोरीमुळे वाचतात दोनच, कारण तिच्या कडेने टाइल कापाव्या लागतात. एकूण ४४. बरोबर अकरा खोके, आणि हातात एकही ज्यादा नाही. कापताना दोन फुटल्या की संपलं. मी चाळीस आणल्या होत्या, दोन फुटल्या, सहा कमी पडल्या.

तेव्हा बारा.

यात अजून एक मेख आहे. सात इंचाची पट्टी एका भिंतीला बारीक दिसते, म्हणून चांगला मिस्त्री मांडणी मधून सुरू करतो आणि दोन्ही टोकांना सारखे, साडेपंधरा इंचांच्या आसपासचे तुकडे ठेवतो. दिसायला सुरेख, पण एका टाइलमधून एकच तुकडा निघतो. वरच्या हिशेबात तीन नग वाढतात, ४७ होतात. बारा खोके तेव्हाही पुरतात, पण जेमतेम. म्हणून माल घ्यायच्या आधी मिस्त्रीला खोलीत उभं करा आणि सुरुवात कुठून, बारीक पट्टी कुठल्या भिंतीला, हे ठरवून घ्या. दारातून आत आल्या आल्या नजर पडते ती ओळ अख्खी असावी, कापलेली दिवाण-कपाटाच्या बाजूला जावी.

स्कर्टिंग विसरू नका

भिंतीच्या पायथ्याची पट्टी. ती चौरस फुटात नाही, रनिंग फुटात म्हणजे नुसत्या लांबीने मोजतात. खोलीचा घेर पन्नास फूट, त्यातून दार आणि मोरीची बाजू वजा, चौकटीच्या आणि फडताळाच्या बाजू अधिक : आमच्याकडे ४७ फूट. एका दोन बाय दोनमधून चार इंचाला किंचित कमी अशा सहा पट्ट्या निघतात, म्हणजे पावणेबारा फूट. ४७ फुटांना चार टाइल, म्हणजे एक खोका. मांडणी मधून केली असेल तर उरलेल्या आठ इंची तुकड्यांतूनही बऱ्याच पट्ट्या निघतात, तेव्हा मिस्त्रीला ते तुकडे फेकू देऊ नका. मधल्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात. वरची कड मशीनने घासून घ्यायला सांगा, नाहीतर पुसताना फडकं अडकतं आणि बोटही.

एकूण तेरा खोके. चौदा फुटांच्या एका खोलीला.

शहाबादी किंवा कोटा घेणार असाल तर

सोलापूरच्या उन्हाळ्यात शहाबादीवर सतरंजीही न टाकता दुपारी आडवं होण्याचं सुख व्हिट्रिफाइड टाइलवर नाही, हे मी टाइल्स विकत असूनही सांगतो. शहाबाद आपल्याला लांब नाही, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरच आहे. पण दगडाला खोका नसतो. तो चौरस फुटावर मिळतो, तुकडे लहानमोठे असतात, कडा सगळ्या सरळ असतीलच असं नाही. म्हणून वेस्टेज दहा ते पंधरा टक्के धरा आणि टेम्पोतून उतरताना मापाप्रमाणे ढीग वेगळे लावून नग मोजा. लांबी-रुंदी घडवलेल्या सरळ कडेपासून घ्या, बाहेर आलेल्या टोकापासून नाही, कारण ते टोक कापलंच जाणार आहे आणि त्याचे पैसे तुम्ही भरणार आहात. कोट्याला बसवल्यावर पॉलिश मारावं लागतं, तो खर्च वेगळा विचारा.

उंचीचंही एक माप असतं

क्षेत्रफळ झालं की जमिनीची पातळी बघा. पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही कोपऱ्यांत फिरवली की कळतं. आमच्या खोलीत माग बोल्टांनी जखडलेला होता, तो काढल्यावर तिथे खड्डे राहिले आणि एक कोपरा दीड इंच खाली निघाला. तळमजल्याच्या घरात काळ्या मातीमुळे जमीन खचलेली असेल तर आधी मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून दाबून घ्या. त्यावर घाई केली तर टाइल कितीही भारी असो, पावसाळ्यानंतर पोकळ वाजते.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवणार असाल तर टाइल आणि चिकटवायचा थर मिळून अर्धा-पाऊण इंच जमीन वर येते. दार घासणार का, ते आजच बघा. टाइलचा तुकडा जमिनीवर ठेवून दार उघडून पाहिलं की पुरे. टाइल बसल्यावर सुताराला शोधत फिरण्यापेक्षा बरं.

घेताना

सगळे खोके एकदम घ्या. प्रत्येक खोक्यावर लॉट किंवा बॅच नंबर आणि शेड छापलेली असते. तेराच्या तेरा खोक्यांवर ते एकच आहे का, हे दुकानातच बघा. टेम्पोत चढल्यावर नाही. उरलेला न फोडलेला खोका परत घेणार का, किती दिवसांत, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. फोडलेला खोका आम्हीही परत घेत नाही.

दोन बाय दोनचा खोका साधारण पंचवीस ते तीस किलोचा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर चढवण्याची हमाली धरा. आणि दिवाळीच्या तोंडावर काम काढू नका. त्या महिन्यात चांगला मिस्त्री फोनच उचलत नाही.

काम झाल्यावर उरलेल्या तीन-चार टाइल कुणाला देऊन टाकू नका. आडव्या रचू नका, कडेवर उभ्या, भिंतीला टेकवून ठेवा. खोक्याची लॉट नंबरची बाजू फाडून त्यांच्यामागे अडकवा. उद्या नळाची लाइन फुटून फरशी उकरावी लागली तर त्याच टाइल कामाला येतात.